डार्विनने बिया कुठल्या मागितल्या? एक पिवळं रानफूल, एक पत्र आणि माझी चुकलेली तळटीप

पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी मी एका सेमिनारमध्ये पेपर वाचला. त्यातलं एक वाक्य मला फार आवडायचं. मरणाच्या 9 दिवस आधी चार्ल्स डार्विनने अमेरिकेतल्या एका अनोळखी प्राध्यापकाला पत्र लिहून एका पिवळ्या रानफुलाच्या बिया मागितल्या, आणि ते फूल म्हणजे आज अमेरिकेत लोक मधमाश्या-फुलपाखरांसाठी परसात लावतात ते पार्ट्रिज पी. वाक्य छान होतं, लोकांनी मानाही डोलावल्या. फक्त ते चूक होतं.

पूर्ण चूक नव्हतं, म्हणूनच जास्त त्रासदायक. पत्र खरं, तारीख खरी, प्राध्यापक खरे. त्या फुलाचं नावसुद्धा पत्रात आहे. पण बिया मागितल्या होत्या दुसऱ्याच झाडाच्या. ही चूक कशी झाली आणि ती दुरुस्त केल्यावर माझा सगळा युक्तिवाद कसा बदलला, ते आज सांगते. पेटची तयारी करणाऱ्या बऱ्याच जणांनी विचारलं होतं की इतिहासाच्या संशोधनात 'मूळ साधन बघा' असं सारखं का सांगतात. त्याचं उत्तरही यात येईल.

आधी फुलाबद्दल. पार्ट्रिज पीचं आजचं शास्त्रीय नाव कॅमेक्रिस्टा फॅसिक्युलाटा. अमेरिकेच्या पूर्व आणि मध्य भागातलं हे मूळचं झाड. वर्षायू, म्हणजे एका हंगामात उगवून, फुलून, बी टाकून संपणारं. गुडघ्याएवढं, फार तर कमरेएवढं वाढतं. पानं लाजाळूसारखी बारीक पिसांची, फुलं पिवळीधमक, पाच पाकळ्यांची, जुलैपासून सप्टेंबरपर्यंत. शेंगा वाळल्या की पीळ घेत फटकन तडकतात आणि बिया दूर उडतात. पार्ट्रिज म्हणजे तित्तिर. तसल्या जमिनीवरच्या पक्ष्यांना या बिया आवडतात, त्यावरून नाव पडलं.

मी मिडवेस्टमध्ये राहते. भाड्याच्या घरामागे एक वाफा आहे, तिथे पहिल्या वर्षी मी याच्या बिया नुसत्या मातीत टोचल्या. जवळजवळ काहीच उगवलं नाही. बीचं कवच इतकं टणक असतं की पाणी आतच शिरत नाही. पुढच्या वेळी पॉलिश पेपरवर बिया हलक्या घासल्या, ओल्या वाळूत मिसळून काही आठवडे फ्रीजमध्ये ठेवल्या आणि मग लावल्या. उगवल्या. हे कडधान्याच्या कुळातलं झाड, मुळांवर गाठी येतात, त्यामुळे खत घालायची गरज नसते. उलट खत घातलं की पानंच माजतात. ऊन मात्र भरपूर हवं.

फुलं आली तेव्हा मी खुर्ची टाकून बसले आणि दोन गोष्टी लगेच दिसल्या. एक म्हणजे फुलात मधुरस नाही. मधुरस आहे तो पानाच्या देठावर, एका इवल्याशा वाटीसारख्या ग्रंथीत, आणि तिथे मुंग्यांची रांग. म्हणजे फुलावर येणाऱ्या माशीला मिळणार काय, तर फक्त पराग. दुसरं म्हणजे फूल डावं-उजवं असतं. काही फुलांत कुक्षीचा दांडा डावीकडे वाकलेला, काहींत उजवीकडे, आणि दोन्ही प्रकारची फुलं एकाच झाडावर. दहा पुंकेसर आहेत, पण सगळे सारख्या लांबीचे नाहीत. शिवाय परागकोश उभे फाटत नाहीत, त्यांना टोकाला बारीक भोक असतं. मिठाच्या शेकरसारखं, हलवल्याशिवाय काही पडत नाही.

हलवतं कोण? बंबलबी. ती फुलाला धरून लटकते, पंख न फडफडवता छातीचे स्नायू थरथरवते आणि 'झ्झ्झ' असा बारीक, चढा आवाज येतो. उडतानाच्या आवाजापेक्षा अगदी वेगळा. एकदा कानाला सवय झाली की डोळे मिटूनही कळतं. नेहमीच्या पाळीव मधमाशीला हे जमत नाही. ती आली तर सांडलेले कण गोळा करते.

आता डार्विनकडे वळू. त्याला या प्रकरणात रस कधीपासून होता? 1882 पासून नाही, 20 वर्षं आधीपासून. 1860च्या दशकाच्या सुरुवातीला त्याने प्रिम्युलाच्या फुलांवर काम केलं. एकाच जातीत काही झाडांना लांब कुक्षीवृंत, काहींना आखूड. हा प्रकार परपरागणासाठी आहे हे त्याने दाखवलं. त्याच सुमारास तो मेलास्टोमा कुळातल्या फुलांकडे वळला. त्या फुलांत एकाच फुलात दोन प्रकारचे पुंकेसर असतात, आकार वेगळा, बऱ्याचदा रंगही वेगळा. डार्विनला वाटलं, हीसुद्धा प्रिम्युलासारखीच भानगड असणार. मग दोन्ही प्रकारच्या परागांनी वेगवेगळं परागण करायचं, किती बिया धरतात ते मोजायचं, त्या बियांची रोपं वाढवून उंची बघायची, असं सगळं त्याने केलं. हाती ठोस काही लागलं नाही. मित्र हूकरला लिहिलेल्या पत्रांत त्याची चिडचिड दिसते. एवढी मेहनत घातली आणि या भागांचा अर्थ काही कळत नाही, अशा आशयाची.

ज्यांना पहिल्या-दुसऱ्या वर्षी 'माझ्या विषयात काहीच निघत नाहीये' असं वाटतं, त्यांच्यासाठी एवढंच सांगते, की डार्विनचं हे खातं 20 वर्षं उघडं होतं. त्यावर पुस्तक आलं नाही.

उत्तराच्या जवळ पोचले दोन भाऊ. थोरला फ्रित्झ म्युलर 1852 मध्ये जर्मनी सोडून ब्राझीलला गेला आणि ब्लुमेनाऊ इथे राहिला. धाकटा हेर्मान म्युलर जर्मनीतल्या लिपश्टाट गावी शाळेत शिकवायचा. दोघांचा डार्विनशी पत्रव्यवहार होता. त्यांचं म्हणणं असं, की प्रश्न परागांच्या गुणाचा नाहीच, वाटणीचा आहे. फुलात मधुरस नाही, माशी परागच खायला येते. मग सगळे पराग तिने खाल्ले तर झाडाचं कसं व्हायचं? म्हणून काही पुंकेसर खाऊचे, ठळक पिवळे, मध्यभागी, माशीच्या तोंडापुढे. आणि काही पुंकेसर कामाचे, बाजूला, फारसे नजरेत न भरणारे. माशी खाऊच्या पुंकेसरांत गुंतली असताना हे दुसरे तिच्या अंगावर अशा जागी पराग टाकतात, जिथे तिचा हात पोचणं कठीण आणि पुढच्या फुलाची कुक्षी मात्र बरोबर टेकते. हेर्मानने हे 1881 मध्ये 'नेचर'मध्ये मांडलं.

गंमत बघा. डार्विन रोपांची उंची मोजत बसला, कारण त्याच्या डोक्यात प्रिम्युला होती. म्युलर भाऊ माशी काय करते ते बघत बसले. दोघांसमोर तसलीच फुलं होती. आधीच्या यशस्वी कामाचा साचा पुढच्या कामाला आपोआप लावला जातो, हे इतक्या मोठ्या माणसाच्या बाबतीतही घडतं. मला तर हा भाग सगळ्यात जास्त आवडतो.

आता आपले अनोळखी प्राध्यापक. जेम्स एडवर्ड टॉड. आयोवा राज्यातल्या टेबर नावाच्या छोट्याशा गावातल्या कॉलेजात ते शिकवायचे, आणि पुढे त्यांचं नाव झालं ते भूशास्त्रात. पण एप्रिल 1882 च्या 'अमेरिकन नॅचरलिस्ट'मध्ये त्यांचा एक सातेक पानांचा लेख आला. विषय दोन पिवळी फुलं, सोलानम रोस्ट्रेटम आणि कॅसिया कॅमेक्रिस्टा. पहिलं वांग्या-बटाट्याच्या कुळातलं, अंगभर काटे असलेलं तण. त्यात चार लहान पिवळे परागकोश आणि एक मोठा, गडद, बाकदार. कुक्षीवृंत त्या मोठ्याच्या बरोबर उलट्या बाजूला वाकलेला, आणि हेही डावं-उजवं. दुसरं फूल म्हणजे आपलं पार्ट्रिज पी, तेव्हाच्या नावाने.

डार्विनने लेख वाचला आणि 10 एप्रिल 1882 ला टॉडना पत्र लिहिलं. तेव्हा तो 73 वर्षांचा होता आणि हृदयाच्या दुखण्याने बेजार होता. 19 एप्रिलला तो गेला. हे पत्र पुढे 1903 मध्ये त्याचा मुलगा फ्रान्सिस आणि ए. सी. स्यूअर्ड यांनी काढलेल्या पत्रसंग्रहात छापलं गेलं. आता तर त्याची पत्रं घरबसल्या ऑनलाइन वाचता येतात.

इथेच माझी गडबड झाली. मी सेमिनारच्या वेळी पत्र वाचलं नव्हतं. पत्राबद्दल वाचलं होतं. टॉडच्या लेखाच्या शीर्षकात दोन फुलं, पत्र त्या लेखाबद्दल, पत्रात बिया मागितल्या आहेत, आणि माझा विषय पार्ट्रिज पी. या चार गोष्टी डोक्यात आपोआप जोडल्या गेल्या आणि तळटीप तयार झाली. नंतर गाईडने सहज विचारलं, "पत्रातले शब्द काय आहेत?" मला सांगता येईना. त्या रात्री पत्र उघडलं.

पत्रात काय आहे ते माझ्या शब्दांत सांगते. अनोळखी असून त्रास देतोय, माफ करा. तुमचा सोलानम रोस्ट्रेटमवरचा लेख फार आवडला. त्याच्या थोड्या बिया लहान डबीत घालून पाठवाल का? झाड वर्षायू आहे का तेही कळवा, म्हणजे पेरायचं कधी ते समजेल. मला फुलं बघायची आहेत आणि प्रयोगही करायचे आहेत. पण तुम्ही स्वतः यावर प्रयोग करणार असाल तर बिया अर्थातच पाठवू नका, तुमच्या कामात मला लुडबूड करायची नाही. आणि कॅसिया कॅमेक्रिस्टाचं एखाद-दुसरं फूल बघायला मिळालं तर बरं होईल. पुढे तो लिहितो, की अशाच काहीशा प्रकारावर त्याने अनेक वर्षांपूर्वी प्रयोग केले होते आणि यंदाही करतो आहे. फ्रित्झ म्युलरचं मत सांगतो, त्याला लेखाची प्रत पाठवायला सुचवतो, आणि हेही कबूल करतो की आता स्मरणशक्ती दगा देते.

म्हणजे बिया सोलानमच्या. माझ्या फुलाचं फक्त एखाद-दुसरं फूल, तेही बघण्यापुरतं.

पहिल्यांदा वाटलं, गेला पेपर. 'घरची बाग हीच प्रयोगशाळा' असा माझा मुद्दा होता, आणि डार्विनला हेच फूल डाउन गावच्या बागेत लावायचं होतं यावर तो उभा होता. दोन दिवस मी त्या फाइलकडे बघितलंही नाही. मग हळूहळू लक्षात आलं की खरं पत्र माझ्या वाक्यापेक्षा जास्त बोलतंय. मी रंगवलेला डार्विन एक हौशी म्हातारा होता, दिसेल त्या फुलाची बी मागणारा. पत्रातला डार्विन निवड करतो. सोलानममध्ये दोन प्रकारचे परागकोश अगदी स्पष्ट आहेत, एकीकडे चार, दुसरीकडे एक, रंग वेगळा, आकार वेगळा. प्रयोगाला स्वच्छ केस. पार्ट्रिज पीमध्ये दहा पुंकेसर कमीजास्त लांबीचे, सीमारेषा पुसट. त्याच्यावर प्रयोग रचणं अवघड, पण तुलनेसाठी नमुना बघायला हवा. त्याने असं का केलं ते पत्रात लिहिलेलं नाही, हा माझा अंदाज आहे, आणि प्रबंधातही मी तो अंदाज म्हणूनच लिहिला आहे. पण दोन्ही फुलं शेजारी ठेवून बघितली की अंदाज पटतो. ज्याला आपण आज 'स्टडी सिस्टिम निवडणं' म्हणतो, ते तो आजारपणात, अनोळखी माणसाला लिहिलेल्या पत्रात करत होता.

दुसरी गोष्ट ते बियांबद्दलचं वाक्य. तुम्ही काम करणार असाल तर पाठवू नका. एका बाजूला जगातला सगळ्यात प्रसिद्ध निसर्गशास्त्रज्ञ, दुसऱ्या बाजूला आयोवातल्या लहान कॉलेजातला मास्तर. आणि विषयावर पहिला हक्क मास्तरचा, हे प्रसिद्ध माणूस न सांगता मान्य करतो. आपल्याकडे विद्यार्थ्याने डेटा दाखवला की पुढे काय काय होऊ शकतं, ते मी इथे लिहित नाही, तुम्हाला माहीत आहे.

पत्र बोटीने अटलांटिक ओलांडून, मग रेल्वेने आयोवाला जायचं. टॉडच्या हाती ते पडलं तेव्हा लिहिणारा बहुधा या जगात नव्हता. आणि पार्ट्रिज पीचं ताजं फूल तर आयोवात जुलैशिवाय मिळालंच नसतं.

आता एक तांत्रिक खड्डा, ज्यात मी पडले आणि तुम्हीही पडाल. नावं. लिनियसने 1753 मध्ये कॅसिया कॅमेक्रिस्टा नाव दिलं, टॉड आणि डार्विन तेच वापरतात. मिशोने 1803 मध्ये कॅसिया फॅसिक्युलाटा असं नाव दिलं. 1897 मध्ये ग्रीनने ते कॅमेक्रिस्टा या वेगळ्या प्रजातीत नेलं, पण पुढे कित्येक दशकं लोक कॅसियाच लिहीत राहिले. 1982 मध्ये, टॉडच्या लेखानंतर बरोबर 100 वर्षांनी, अर्विन आणि बार्नबी यांचा अमेरिकेतल्या कॅसिया गटावरचा मोठा ग्रंथ आला आणि जुन्या अवाढव्य कॅसियाची कॅसिया, सेना आणि कॅमेक्रिस्टा अशी वाटणी पक्की झाली. परिणाम काय? आजचं नाव कीवर्ड म्हणून टाकलं तर 1882 चा लेख सापडतच नाही. थॉर्प आणि एस्टिस यांनी 1975 मध्ये याच फुलावर माशा नेमक्या कशा वागतात त्याचा लेख लिहिला, तोही कॅसिया फॅसिक्युलाटा नावाखाली आहे. मी दोन महिने 'या फुलावर जुनं काही नाहीच' असं समजून बसले होते. लिटरेचर रिव्ह्यू करताना वनस्पतीची, गावाची, जातीची, संस्थेची जुनी नावं आधी काढा. मग सर्चला बसा.

डार्विनच्या प्रश्नाचं पुढे काय झालं? थरथरवून पराग काढण्याच्या पद्धतीकडे विसाव्या शतकात पुन्हा लक्ष गेलं. मिचनरने 1962 मध्ये नळीसारख्या परागकोशांतून माशा पराग कसे काढतात यावर लिहिलं, 1983 मध्ये बुकमनने अशा सगळ्या फुलांचा एकत्र आढावा घेतला. पण म्युलर भावांचं खाऊ-आणि-काम हे स्पष्टीकरण नीट प्रयोगाने तपासलं गेलं ते खूप उशिरा. 2009 मध्ये वायेहो-मारीन आणि सहकाऱ्यांनी बंबलबी सोडून बघितल्या, त्या खाऊच्या परागकोशांवर जास्त मेहनत घेतात आणि कुक्षीवर मात्र कामाच्या परागकोशातले पराग जास्त पोचतात. झाड कुठलं? सोलानम रोस्ट्रेटम. ज्याच्या बिया डबीत यायच्या होत्या तेच. त्याच सुमारास लुओ, झांग आणि रेनर यांनी मेलास्टोमावर प्रयोग करून हेच दाखवलं. शीर्षकात श्रमविभागणीची कल्पना डार्विनच्या नावावर टाकली आहे. मला विचाराल तर म्युलर भावांवर थोडा अन्याय आहे, पण मोठ्या नावांचं असंच असतं.

पार्ट्रिज पीचा रस्ता वेगळा निघाला. वर्षायू आणि विस्तृत प्रदेशात पसरलेलं, त्यामुळे ते उत्क्रांतीच्या संशोधकांना सोयीचं पडलं. 2001 मध्ये एटरसन आणि शॉ यांनी मिनेसोटा, कॅन्सस आणि ओक्लाहोमातल्या झाडांच्या बिया एकमेकांच्या प्रदेशांत लावून बघितल्या. हवामान तापत जाईल तसं उत्तरेकडच्या झाडांना पुढे दक्षिणेसारख्या हवेला तोंड द्यावं लागणार, ती बदलू शकतील का? त्यांना दिसलं की प्रत्येक गुणात बदलाला वाव आहे, पण गुण एकमेकांना बांधलेले आहेत. एकाला पुढे ढकललं की दुसरा मागे ओढतो. त्यामुळे हवामान बदलेल त्या वेगाने झाड बदलेल असं दिसत नाही. माझ्या वाफ्यातलं झाड त्या उत्तरेकडच्यांपैकीच आहे, म्हणून हा लेख वाचताना थोडं पोटात ढवळलं.

आणि हो, तुमच्यापैकी दोघांनी मागच्या पोस्टनंतर विचारलं होतं, या बिया भारतात मिळतील का. मिळाल्या तरी लावू नका. ते झाड इथलं आहे, तिथलं नाही. सोलानम रोस्ट्रेटम तर आपला प्रदेश सोडून ठिकठिकाणी काटेरी तण म्हणून माजलं आहे. तुमच्याकडे तरवड आहे की! सेना ऑरिक्युलाटा, याच जुन्या कॅसिया गटातला. माळावर, रेल्वेच्या रुळांकडेला, पाण्याशिवाय पिवळा फुललेला असतो, जनावरं सहसा तोंड लावत नाहीत. बी टणक, गरम पाण्यात घालून रात्रभर भिजवा. पार्ट्रिज पीवर अमेरिकेत जशी पिवळ्या फुलपाखरांची अळी वाढते, तशी आपल्याकडे या गटातल्या झाडांवर त्यांच्याच कुळातल्या फुलपाखरांची वाढते. पानं कुरतडलेली दिसली तर औषध मारू नका. मेलास्टोमा बघायचा असेल तर सिंधुदुर्गात किंवा गोव्यात ओलसर जागी जांभळी फुलं शोधा, आत पिवळे आणि जांभळे पुंकेसर वेगवेगळे दिसतील.

एवढंही नको असेल तर एप्रिल-मे मध्ये खाली पडलेलं बहाव्याचं फूल उचला. तीन पुंकेसर लांब, बाकदार, बाहेर आलेले. बाकीचे आखूड, मध्यभागी. सकाळी झाडाखाली उभं राहिलात आणि काळा भुंगा आला, तर त्याचा आवाज ऐका. फुलाला धरल्यावर तो बदलतो का, आणि भुंगा कुठल्या पुंकेसरांना धरतो, ते मला कळवा. मी इथे आहे तोवर मला बहावा बघायला मिळणार नाही.